नियत, अनियत आणि ग्रंथालयातील तपासपत्रक

वाङ्मयेतिहासाच्या साधनांची चर्चा करताना नियतकालिकांचे महत्त्व आपण सर्वच जण मान्य करतो. मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचा इतिहास ‘विविधज्ञानविस्तार’ आणि ‘करमणूक’ यांना वगळून सांगता येत नाही, नवकथेचा ‘सत्यकथा’ आणि ‘अभिरुची’ यांना वगळून सांगता येत नाही, हे आता पाठ्यपुस्तकातील विधान झाले आहे. परंतु ही नियतकालिके अभ्यासकाच्या टेबलावर येतात कोणत्या वाटेने, कोणते अंक येतात आणि कोणते वाटेत गळतात, आलेल्यांची नोंद कोण ठेवतो आणि ते आल्याचे वाचकाला कोण कळवितो, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने ग्रंथपालावर सोपवून दिले आहेत. साधनांची चिकित्सा म्हणताना आपण हस्तलिखितांच्या पाठभेदांविषयी तासन्‌तास बोलतो; मासिकाच्या बांधीव खंडातून मुखपृष्ठ कोणी काढले, याविषयी बोलत नाही. प्रस्तुत निबंधात विद्यापीठीय ग्रंथालयांतील नियतकालिक-व्यवहाराचा विचार वाङ्मयेतिहासाचाच एक भाग म्हणून करावयाचा आहे. या व्यवहाराची घडण ज्या गृहीतावर झाली, ते गृहीत मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या एका मोठ्या भागाला लागू पडत नव्हते, आणि त्याचे परिणाम आपल्या इतिहासलेखनावर झाले आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आरंभ बडोद्यापासून करणे उचित ठरेल. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानातील ग्रंथालयांची साखळी उभी राहू लागली. याच चळवळीतून १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. ग्रंथालय या विषयाला वाहिलेले भारतातील हे पहिले नियतकालिक त्रैभाषिक असावे, आणि त्यातील एक भाषा मराठी असावी, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी आहे. ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात तिचा उल्लेख एका ओळीत होतो. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात तर तीही ओळ सहसा येत नाही, कारण भाषेच्या रकान्यात तीन नावे लिहावी लागतील अशा प्रकाशनाचे काय करावे, हे आपल्या सूचींना नीटसे उमगलेले नाही. वस्तुतः ही अडचण नवी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेच शेजारी-शेजारी इंग्रजी आणि मराठी स्तंभ घेऊन. मराठी नियतकालिकाचा जन्मच द्विभाषिक आहे.

महाराष्ट्रातील जुन्या संस्था पाहिल्या तर ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ ही दोन नावे दोन वेगळ्या गरजा सांगतात. पुण्याची १८४८ची नेटिव्ह जनरल लायब्ररी असो, ठाण्याचे १८९३चे किंवा मुंबईचे १८९८चे मराठी ग्रंथसंग्रहालय असो, तेथे वृत्तपत्रे आणि मासिके वाचण्यासाठी येणारा वाचक हा ग्रंथ घरी नेणाऱ्या वर्गणीदारापेक्षा निराळा होता. टेबलावर नवा अंक पडला की त्याला तो दिसे. वेगळे कळविण्याची आवश्यकता नसे. ‘नवा अंक आला’ ही बातमी ग्रंथपालाच्या तोंडून पसरत असे. ही व्यवस्था लहान गावात आणि थोड्या नियतकालिकांपुरती उत्तम चालली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेकडो नियतकालिके दाखल होऊ लागली, तेव्हा ती अपुरी पडली.

या टप्प्यावर मद्रासकडे वळावे लागते. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकविणारे एस. आर. रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. त्यानंतर ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ग्रंथपालनाचे शिक्षण घेण्यासाठी गेले आणि १९२५ मध्ये परतले. पुढील दहा वर्षांत त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पायाभरणी केली, ती सर्वज्ञात आहे: पाच नियमांचे पुस्तक १९३१ साली, द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली, वर्गीकृत तालिका-संहिता १९३४ साली, ग्रंथालयाच्या प्रशासनावरील ग्रंथ १९३५ साली. या मोठ्या कामगिरीच्या छायेत त्यांची नियतकालिकांसाठीची त्रिपत्रक पद्धती काहीशी झाकली गेली. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती परीक्षेपुरती ठाऊक असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तिचे नावही ऐकून माहीत नसते. म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो.

प्रत्येक नियतकालिकासाठी तीन पत्रके. पहिले नोंदपत्रक: त्यावर शीर्षक, पुरवठादार, वर्गणी, किती दिवसांनी निघते याची नोंद, आणि खाली खंड, अंक, प्रकाशनाची तारीख व अंक हाती आल्याची तारीख यांचे रकाने. ही पत्रके शीर्षकांच्या वर्णानुक्रमाने लावलेली असतात. तिसरे वर्गीकृत सूचीपत्रक: ते विषयाच्या वर्गांकानुसार लागते आणि ग्रंथालयात त्या नियतकालिकाचे कोणते खंड, कोणत्या पुरवण्या, कोणत्या निर्देशसूची आहेत हे सांगते. या दोहोंमध्ये फारसे नवल नाही. नवल आहे ते मधल्या तपासपत्रकात. तपासपत्रकांची पेटी शीर्षकांनी किंवा विषयांनी न विभागता आठवड्यांनी विभागलेली असते. एखाद्या मासिकाचा पुढील अंक ज्या आठवड्यात अपेक्षित असेल, त्या आठवड्याच्या मार्गदर्शक पत्रकामागे त्या मासिकाचे तपासपत्रक बसते. अंक आला की पत्रक उचलून पुढील अपेक्षित आठवड्यामागे नेऊन ठेवायचे. आठवडा संपला की ज्यांची पत्रके जागची हलली नाहीत, ते अंक आले नाहीत. त्याच क्षणी पुरवठादारास स्मरणपत्र जाते.

येथे गणितज्ञाची दृष्टी दिसते. न आलेल्या वस्तूची नोंद ठेवणे हे कोणत्याही कार्यालयातील सर्वांत अवघड काम. आलेल्या टपालाची आवक-नोंद सगळेच ठेवतात. रंगनाथन यांनी अभाव दिसेल अशी रचना केली. वेळीच मागणी न केलेला अंक पुढे मिळत नाही, हे नियतकालिक विभागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मासिकाच्या प्रती मोजक्याच छापलेल्या असतात आणि उरलेल्या रद्दीत जातात. पाच नियमांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचा आहे. तपासपत्रक हे त्या नियमाचे सर्वांत नेमके यंत्र होय, असे मला वाटते. पुढे अनेक ग्रंथालयांनी रेमिंग्टन रँड कंपनीची ‘कार्डेक्स’ नावाची लोखंडी कपाटे घेतली. त्यांच्या सपाट खणांत एकावर एक सरकवलेल्या पत्रकांच्या कडा दिसत आणि रंगीत खुणांनी विलंब कळे. तत्त्व तेच राहिले.

मात्र या यंत्राचा सगळा डोलारा एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे: पुढील अंक केव्हा येणार? ज्या नियतकालिकाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याचे तपासपत्रक कोणत्या आठवड्यामागे ठेवायचे? रंगनाथन यांना नियतकालिकांच्या लहरीपणाची पूर्ण कल्पना होती. त्यांच्या तालिका-संहितेत नाव बदलणे, दोन नियतकालिकांचे एकत्रीकरण, एकाचे विभाजन, खंडक्रमांकांतील गोंधळ, स्वतंत्र पुरवण्या अशा गुंतागुंतीच्या प्रकारांसाठी काटेकोर नियम आहेत. परंतु हे नियम मुळात नियमित असलेल्या वस्तूच्या विचलनाचे नियम आहेत. डोळ्यांपुढचा नमुना विद्वत्परिषदेच्या त्रैमासिकाचा, विज्ञानसंस्थेच्या वार्तापत्राचा होता. १९३४ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाचे ग्रंथपाल एस. सी. ब्रॅडफर्ड यांनी एका विषयावरील लेख थोड्या मुख्य नियतकालिकांत एकवटलेले आणि बाकीचे असंख्य इतरांत विखुरलेले असतात, असा नियम मांडला, तोही भूभौतिकी आणि वंगण या विषयांवरील संदर्भ मोजून. नियतकालिक-व्यवस्थापनाचे शास्त्र विज्ञानाच्या गरजेतून जन्मले, हे त्याचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही.

वाचकाला कळविण्याच्या सेवांबाबत हे अधिकच खरे आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत नव्या अंकांच्या अनुक्रमणिका एकत्र छापून पाठविण्यास प्रारंभ केला. १९५८ मध्ये एच. पी. लून यांनी प्रत्येक वाचकाच्या आवडीची नोंद करून त्यानुसार निवडक माहिती पोहोचविण्याची कल्पना मांडली. आपल्याकडे १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने नवी दिल्लीत ‘इन्सडॉक’ स्थापन झाले. त्याने वैज्ञानिक लेखांच्या याद्या शास्त्रज्ञांना पुरविल्या आणि पुढे देशातील वैज्ञानिक नियतकालिकांची संयुक्त सूची सिद्ध केली. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद झाली आणि तिच्या अंतर्गत प्रलेखन केंद्रही आले. साहित्यासाठी असे केंद्र झाले नाही. साहित्य अकादेमीची १९५४ मधील स्थापना ही मोठी घटना खरी, आणि अकादेमीने १९०१ ते १९५३ या कालखंडातील भारतीय साहित्याची जी राष्ट्रीय ग्रंथसूची प्रसिद्ध केली तिचे ऋण सर्व अभ्यासक मान्य करतील. पण ती ग्रंथांची सूची आहे. कलकत्त्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयातून १९५७च्या अखेरीपासून निघू लागलेल्या ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’चा नियम तर येथे मुद्दाम नमूद केला पाहिजे. तिच्यात नियतकालिकाचा केवळ पहिला अंक, किंवा बदललेल्या नावाने निघालेला पहिला अंक, नोंदविला जातो. जन्माची नोंद आहे, आयुष्याची नाही. मासिक तीन अंकांनी बंद पडले की तीस वर्षे चालले, हे या सूचीवरून समजणार नाही. आणि नियतकालिकातील लेखकाला तर तिच्यात स्थानच नाही.

कायद्याचीही तीच स्थिती. ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याविषयीचा कायदा १९५४ साली झाला आणि १९५६ साली त्यात वृत्तपत्रांचा समावेश करण्यात आला. वृत्तपत्राची व्याख्या सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले नियतकालिक अशी आहे. ज्या मासिकात फक्त कविता आणि कथा आहेत, त्याने या व्याख्येत बसावे की ग्रंथाच्या व्याख्येत, याचे उत्तर संपादकाने आपापल्या परीने शोधायचे. बहुतेक लघु-नियतकालिकांच्या संपादकांनी ते शोधलेच नसणार; ज्यांना कागदाचे पैसे उभे करणे कठीण, ते चार ग्रंथालयांना चार प्रती टपालखर्चासह पाठवितील, ही अपेक्षा भाबडी आहे.

आता मराठीकडे येऊ. तपासपत्रकाला मराठीने तीन ठिकाणी चकविले आहे.

पहिले ठिकाण अगदी जुने आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. एकटाकी लेखन, मासिक स्वरूप. नंतर ती ग्रंथरूपाने छापली गेली आणि ग्रंथालयांनी तिला चिपळूणकरांच्या नावाखाली निबंधवाङ्मयाच्या कपाटात बसविले. तिचे मासिकपण पुसले गेले. ती वाचणारा आजचा विद्यार्थी अंकाअंकांमधील प्रतीक्षा आणि दोन अंकांच्या दरम्यान उठलेला वाद यांपैकी काहीही न अनुभवता एक सलग ग्रंथ वाचतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चे तेच झाले. १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली ही कादंबरी पुस्तकरूपाने उपलब्ध झाल्यावर ‘करमणूक’चे जुने अंक जपण्याची निकड ग्रंथालयाला वाटली नाही तर त्याला दोष देता येत नाही. पण त्याच पानांवर कादंबरीच्या शेजारी काय छापले होते, हे पाहावयाचे असेल तर पुस्तक निरुपयोगी आहे.

दुसरे ठिकाण दिवाळी अंकांचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि या एका प्रयोगाने मराठी नियतकालिकांचे कालमानच बदलले. दिवाळी चांद्रमासाने येते. कधी ऑक्टोबरच्या मध्यास, कधी नोव्हेंबरच्या मध्यास. मासिकाचा दिवाळी अंक कधी दोन महिन्यांचा जोडअंक असतो, कधी नेहमीच्या अंकाहून वेगळा विशेषांक असतो, त्याला कधी क्रमांक असतो, कधी नसतो. शिवाय केवळ दिवाळीलाच निघणारी, वर्षातून एकदाच जन्म घेणारी अंकमाला निराळीच. त्यातील लेखन काही सामान्य नसते; मराठी कथेचा, ललित निबंधाचा, दीर्घ मुलाखतीचा फार मोठा भाग प्रथम येथेच छापला गेला आहे. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र हा अंक म्हणजे डोकेदुखी. त्याची मूळ वर्गणीत गणना होते की नाही, यावरून पुरवठादाराशी पत्रव्यवहार होतो. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठात तर तो बाजारातून संपल्यानंतर मागविला जातो. कित्येक ग्रंथालयांत दिवाळी अंक वाचनकक्षात फिरतात, फाटतात आणि वर्षाअखेर रद्दीत जातात. कारण ते ‘मनोरंजनासाठी’ घेतलेले, संदर्भासाठी नव्हेत. ब्रॅडफर्डच्या परिभाषेत बोलायचे तर मराठी साहित्याच्या अभ्यासाचा गाभा जेथे आहे त्यालाच परिघ समजून आपण टाकून दिले.

तिसरे ठिकाण सर्वांत बोलके. १९५०च्या दशकाच्या मध्यास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ चक्रमुद्रित स्वरूपात निघाले. १९६०च्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, आणि ‘येरू’, ‘फक्त’, ‘आत्ता’ अशी कितीतरी प्रकाशने आली. इंग्रजीत ज्यांना त्यांच्या आकारावरून नाव पडले, त्यांना मराठीने ‘लघु-अनियतकालिके’ म्हटले. नावातले ‘अनियत’ हे अडचणीची कबुली देणारे नाही. ते भूमिका सांगणारे आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला वर्गणीदाराच्या दारात पडणाऱ्या प्रतिष्ठित मासिकाच्या वेळापत्रकाला दिलेला तो नकार आहे. पैसे असतील तेव्हा, मजकूर असेल तेव्हा, वाटेल त्या आकारात, वाटेल त्या कागदावर. अशा प्रकाशनाने ‘पुढील अंक केव्हा?’ या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे स्वतःचे नाव खोडणे होय. तपासपत्रक आणि अनियतकालिक यांचा विरोध अपघाती नाही.

त्याचा परिणाम असा झाला की १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ज्या ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, ती ‘सत्यकथा’ कापडी बांधणीत, खंडशः, अनेक ग्रंथालयांत मिळते. आणि ज्यांनी होळी केली त्यांची स्वतःची नियतकालिके पाहावयाची असतील तर व्यक्तिगत संग्रहांचे दार ठोठवावे लागते. ‘सत्यकथा’ १९३३ ते १९८२ इतका काळ चालली, तिचा दर्जा आणि तिचे शिस्तबद्ध संपादन निर्विवाद आहे. ती जपली गेली याचा आनंदच मानावा. पण ग्रंथालयाच्या कपाटातील ही विषमता आपल्या प्रबंधांत उतरते. विद्यार्थी जे उपलब्ध आहे त्यावर लिहितो. एका बाजूला सर्व अंकांचे परिशीलन, दुसऱ्या बाजूला आठवणी, मुलाखती आणि पुनर्मुद्रित निवडी, अशा असमान पुराव्यांवर एका वाङ्मयीन संघर्षाचा निवाडा केला जातो, आणि हे आपण टीपेतदेखील सांगत नाही. दलित साहित्याच्या बाबतीत गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ दशकानुदशके चालविले. तेथे नियमितपणा हीच बंडखोरी होती. आपल्या लेखकांना हक्काचे, पुढच्या तिमाहीतही असणारे पान देणे. म्हणून अनियततेचे गौरवीकरण करण्याचेही कारण नाही. मात्र याही नियतकालिकाचा आरंभ ‘अस्मिता’ या नावाने झाला होता, आणि नावाच्या या बदलामुळे सूचीत दोन नोंदी पडल्या व परस्परनिर्देश राहिला, तर पहिल्या अंकांपर्यंत विद्यार्थी पोहोचत नाही.

बांधणीचा उल्लेख आधी केला. खंड पूर्ण झाला की अंक बांधणीस जातात, आणि बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. विज्ञानाच्या नियतकालिकात याने फारसे बिघडत नाही. महाराष्ट्राबाहेरील एका ग्रंथालयात एका मराठी मासिकाचे १९४०च्या दशकातील खंड मी काही आठवडे पाहत होतो. पृष्ठांक सलग होते, लेख जागेवर होते. पण एकाही अंकाला मुखपृष्ठ नव्हते. त्यामुळे कोणता अंक कोठे संपतो, संपादक केव्हा बदलला, किंमत केव्हा वाढली, युद्धकाळात कागद कोणी पुरविला, कोणत्या औषध-कारखान्याच्या जाहिरातीवर नवकविता छापली जात होती, हे काहीच कळत नव्हते. एका ठिकाणी मात्र बांधणाऱ्याच्या नजरचुकीने एक जाहिरातीचे पान राहून गेले होते, आणि त्यावर एका शेजारच्या भाषेतील मासिकाची जाहिरात होती. तौलनिक अभ्यासासाठी त्या खंडातील ते सर्वांत मोलाचे पान निघाले. दुसऱ्या खंडात एका पृष्ठावर पेन्सिलीने ‘अंक आला नाही’ एवढेच लिहिले होते. स्मरणपत्र गेले होते की नाही, याची नोंद अर्थातच खंडात नसते.

महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकाची गोष्ट येथून पुढे आणखी गुंतागुंतीची होते. १९६२पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे नवी दिल्लीतील कार्यालय गव्हाच्या मोबदल्यातील रुपयांतून भारतीय भाषांतील ग्रंथ आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागले, आणि ‘ॲक्सेशन्स लिस्ट : इंडिया’ ही त्याची यादी दिल्लीतूनच प्रसिद्ध होऊ लागली. मराठीत नवे काय निघत आहे याची माहिती दिल्लीतल्या मराठी अभ्यासकाला शिकागोसाठी केलेल्या यादीवरून मिळावी, हा विनोद नव्हता. ती रोजची सोय होती. या योजनेविषयी राजकीय आक्षेप घेतले गेले आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु तेथील कर्मचारी नियतकालिकाचा प्रत्येक अंक मागवीत, ही गोष्ट ग्रंथालयीन दृष्ट्या नाकारता येत नाही.

आपल्या बाजूला एक मोठे काम झाले, आणि ते कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयाने केलेले नव्हते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली आणि १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याच पुढाकारातून मराठी नियतकालिकांच्या सूचीचे काम उभे राहिले. रंगनाथन यांचे तपासपत्रक पुढे पाहते, येणाऱ्या अंकाची वाट पाहते. दाते मागे पाहत गावोगावची ग्रंथालये धुंडाळीत होते आणि जे उरले ते लिहून ठेवीत होते. ही दोन कामे परस्परपूरक आहेत, हे दोघांच्याही अनुयायांच्या फारसे ध्यानात आले नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विभागात दाते क्वचितच शिकविले जातात आणि मराठी विभागात रंगनाथन मुळीच नाहीत.

तौलनिक साहित्याला या तुटीचा फटका सर्वांत आधी बसतो. बुद्धदेव बसूंचे ‘कविता’ १९३५पासून, अज्ञेयांचे ‘प्रतीक’ १९४७पासून, ‘अभिरुची’ १९४३पासून बडोद्यातून. या तिन्हींचे अंक शेजारी ठेवून आधुनिकतेच्या आगमनाचा मासवार अभ्यास करावा, ही इच्छा कोणालाही होईल. तिन्ही भाषांचे अंक एका छताखाली आणणे हे केंद्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे स्वाभाविक कार्य होते. प्रत्यक्षात भाषेनुसार नियतकालिकांची निवड त्या त्या भाषेच्या विभागाने करावी, ही पद्धत पडली, आणि ज्या विद्यापीठात मराठीचा विभाग नाही तेथे मराठी मासिकही नाही. द्विभाषिक लेखकांची अवस्था आणखी बिकट. कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ साली पुस्तकरूपात येण्यापूर्वी १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त छापली गेली होती. ‘शब्द’मधील कोलटकर मराठीच्या कपाटात शोधावे लागतात, ‘ओपिनियन’मधील इंग्रजीच्या, आणि दोन्ही ठिकाणी न सापडण्याचीच शक्यता अधिक. शिकागोहून सुरू झालेले ‘महफिल’ १९७३ मध्ये ‘जर्नल ऑफ साउथ एशियन लिटरेचर’ झाले. जुने पत्रक बंद झाले, नवे उघडले, आणि आधीचे अंक वेगळ्या कपाटात गेले.

संगणकाने काय बदलले? पत्रकांच्या पेट्या गेल्या. इन्फ्लिबनेटने विद्यापीठांसाठी केलेल्या ‘सोल’ या प्रणालीत नियतकालिकांचा स्वतंत्र विभाग आहे. ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत पुढील अंक केव्हा येईल याचे भाकीत करणारी मांडणी आहे. म्हणजे तपासपत्रक यंत्रात गेले, त्याचे गृहीत तेच राहिले. नव्या अंकाची अनुक्रमणिका आज प्रकाशकाकडून थेट वाचकाच्या टपालपेटीत येते. १ जानेवारी २०२५पासून अमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना उपलब्ध झाली, आणि तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. लहान गावातील महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला इंग्रजी संशोधन-नियतकालिके घरबसल्या वाचता येणे ही मोठी सुधारणा आहे. तिची हेटाळणी करणारे बहुधा मोठ्या ग्रंथालयांच्या जवळ राहणारे असतात. मराठी मासिकाच्या दाराशी मात्र ही योजना येत नाही. दरम्यान २०१९ मध्ये अमलात आलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘केअर’ यादीत भारतीय भाषांतील नियतकालिकांना स्थान मिळाले होते, आणि तेवढ्यापुरते का होईना, आपल्या नियतकालिकाची नियमितता, क्रमांक आणि संपादक मंडळ यांची नोंद ठेवण्याची गरज मराठी संपादकांना भासली होती. ती यादी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. तिच्यात दोष पुष्कळ होते. तरी नोंदीचा एक व्यवहार तिच्याबरोबर थांबला.

ज्या अध्यासनाच्या वतीने हा ग्रंथ निघत आहे, तशा अध्यासनांना करता येण्यासारखे एक काम येथे सुचवितो. त्याला मोठा निधी लागत नाही. दरवर्षी दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत हाती आलेल्या सर्व मराठी अंकांच्या अनुक्रमणिका उतरून घ्याव्यात. अंक पूर्ण, मुखपृष्ठ आणि जाहिरातींसह, बांधावेत. आणि इतर भाषांच्या अध्यासनांना त्या अनुक्रमणिका लेखकनाम, शीर्षक व विषय यांच्या हिंदी आणि इंग्रजी नोंदींसह पाठवाव्यात. त्यांनी त्यांच्या पाठवाव्यात. अनियतकालिकांसाठी वेगळी वही ठेवावी. तिच्यात ‘अपेक्षित’ हा रकाना नसावा. ‘कोणाकडून मिळाला’, ‘कोणत्या तारखेस’ आणि ‘यापूर्वीचा अंक कोणाकडे आहे’ असे तीन रकाने असावेत. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एखाद्या वयोवृद्ध कवीचे किंवा निवृत्त प्राध्यापकाचे नाव येईल. ते नाव लिहिल्यानंतर त्याच महिन्यात त्यांना पत्र पाठवावे.